शाळेतला दातांचा कॅम्प आणि पालकांची सही: हे सगळं आलं कुठून

म्युनिसिपल शाळेत दातांचा कॅम्प असला की आदल्या दिवशी पोरांच्या वहीतून चिठ्ठी घरी येते, 'माझ्या पाल्याच्या दंततपासणीस माझी हरकत नाही', खाली सही. आई कामावरून रात्री आठला येते, पोरगं म्हणतं टीचरने आत्ताच्या आत्ता मागितलीय, मग काय, गॅसपाशी उभ्याउभ्याच सही. चिठ्ठी तपासणीची असते हां, पण कॅम्पात हलणारा दुधाचा दात दिसला की "काढूनच टाकूया" म्हणणारेही असतात.

सरकारी डॉक्टर दारात आला की संशय घ्यायचा हे मुंबईत जुनंच आहे आणि उगाच नाही. 1896 च्या प्लेगमध्ये माणसं घरातून उचलून हॉस्पिटलात नेत होते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवरच हल्ला केला (आजचं कस्तुरबा). पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला, त्यात सरकारला भरपूर अधिकार, लोकांना विचारायचं वगैरे काही नाही.

पण दातांचा स्वतःचा इतिहास याहून वाईट आहे. गोड खाल्लं की दात किडतात हे आपली आजी पण सांगायची, पण ते नीट मोजून दाखवलं स्वीडनमध्ये, लुंड शहराजवळच्या व्हिपेहोम नावाच्या संस्थेत. तिथे मतिमंद म्हणून ठेवलेली माणसं होती, त्यांना मुद्दाम दाताला चिकटून राहील अशी टॉफी बनवून द्यायचे, काहींना तर दिवसाला 24, आणि बघत बसायचे किती दात किडतात ते. त्यांना कोणी विचारलं नाही, नातेवाइकांनाही नाही. ही टॉफी सुरू झाली 1947 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नाझी डॉक्टरांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालात कोर्टाने लिहिलं की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वतःची संमती पाहिजेच, त्याच वर्षी! निष्कर्ष 1954 ला छापून आले. एकूण साखर किती यापेक्षा दोन जेवणांच्या मध्ये किती वेळा आणि किती चिकट, हे महत्त्वाचं. आज कॅम्पातला डॉक्टर "चॉकलेट खायचंच तर जेवणासोबत खा" सांगतो त्यामागे हीच माणसं आहेत, आणि मला वाटतं डेंटलच्या पोरांना हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवं.

फ्लोराइडचं वेगळंच. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला जानेवारी 1945 मध्ये दात किडू नयेत म्हणून ते सगळ्या शहराच्या पाण्यात टाकलं, आता नळाच्या पाण्याला एकटा माणूस नाही कसं म्हणणार? आपल्याकडे तो प्रश्नच आला नाही कारण चंद्रपूर-यवतमाळकडे काही गावांत जमिनीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, ते काढायचीच मारामार. म्हणून इथे फ्लोराइडची पेस्ट नाहीतर वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप, जो एकेका पोराच्या दाताला लावायचा, मग विचारायचंही एकेकाच्या घरी.

कायद्यात 12 वर्षांखालच्या मुलाची संमती धरत नाहीत, दंड संहितेचं कलम 90 होतं, आता न्याय संहितेत 28. मोठा निकाल म्हणजे 2008 चा समीरा कोहली केस. पेशंट फक्त तपासणीसाठी बेशुद्ध केलेली, बाहेर आईची सही घेऊन आत गर्भाशयच काढलं. सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नाही, जीवावर बेतलं असेल तर वेगळी गोष्ट. दुधाचा दात हलल्याने कोणाच्या जीवावर बेतत नाही, तेव्हा वरच्या चिठ्ठीवर दात काढणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुलांचे किडलेले दातही आले, म्हणजे तपासणी वाढली आणि चिठ्ठ्याही.

आता नवीन भर म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ना ड्रिल ना इंजेक्शन, ब्रशने थेंबभर लावायचं आणि कीड बऱ्याचदा तिथेच थांबते, खर्च कमी, 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. दाढेला कोण बघतंय, पण पुढच्या दाताला लावलं आणि पोरगी काळा दात घेऊन घरी गेली तर आई दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन भांडणार, आणि बरोबरच आहे तिचं. म्हणून हे लावायच्या आधी काळ्या पडलेल्या दाताचा फोटो आईबापाला दाखवायचा, मग सही, आणि ती सुद्धा पोराच्या हातून पाठवलेल्या चिठ्ठीवर नाही, पालक सभेच्या दिवशी समोर बसवून.