सम्यक स्मृती कचेरीत कशी आली

ऑफिसातल्या माइंडफुलनेसची, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष ठेवण्याच्या सरावाची, हकीकत बहुतेक जण कॅलिफोर्नियापासून सांगतात. ती रंगूनपासून सांगायला हवी. १९५० च्या सुमारास, स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षं झालेली असताना, ब्रह्मदेशाच्या महालेखापालांनी आपल्या कचेरीतल्या माणसांना विपश्यना शिकवायला सुरुवात केली. जमाखर्च तपासणारं खातं ते. तिथे डोळे मिटण्याआधी पंचशील घ्यावं लागे: चोरी नाही, खोटं नाही. त्यांच्या एका व्यापारी शिष्याने १९६९ मध्ये ही साधना मुंबईत आणली आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं.

खरा गुंता शब्दाचा आहे. पालीतला ‘सति’ म्हणजे संस्कृतातली ‘स्मृती’. १८८१ च्या एका इंग्रजी भाषांतरात त्याला ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द मिळाला आणि तोच रूढ झाला. मराठीत तो परत आला तो ‘सजगता’ होऊन. शब्द चांगला आहे, पण ‘स्मृती’त असलेलं आठवण ठेवणं त्यात उरलं नाही. आपण काय करायचं ठरवलं होतं, काय टाळायचं ठरवलं होतं, याची ती आठवण. आपल्याकडे बुद्धविहारात जाणाऱ्या कुणालाही अष्टांगिक मार्ग पाठ असतो. त्यात सम्यक स्मृतीच्या दोन पायऱ्या आधी सम्यक आजीविका येते: पोट कशावर भरायचं आणि कशावर नाही. शस्त्रं, विष, मद्य, मांस आणि माणसं यांचा व्यापार वर्ज्य. कामाच्या जागेशी थेट बोलणारी पायरी हीच होती, आणि कंपन्यांनी नेमकी तीच सोडून दिली.

सोडण्याला कारणही होतं. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम बसवला गेला, तेव्हा रुग्णालयात चालावा म्हणून त्यातला धर्म बाजूला ठेवला होता. दुखण्याने बेजार माणसासाठी ते योग्यच होतं. पण तोच साचा पुढे कंपन्यांनी उचलला. ‘भावनिक बुद्धिमत्ता’, म्हणजे आपल्या आणि इतरांच्या भावना ओळखून सांभाळण्याची क्षमता, ही कल्पना १९९० च्या एका शोधनिबंधातून आली, १९९५ च्या एका पुस्तकाने घरोघरी पोचली. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सर्च कंपनीने दोन्हींची सांगड घालून कर्मचाऱ्यांचे वर्ग सुरू केले. करुणाही त्यात होती, पण शेजारच्या टेबलापुरती. टार्गेट ठरवणाऱ्याला ती लागू नव्हती.

२०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पुरतं थकून जाण्याची, नोंद झाली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, आवर न घातलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून.