उपाय १९९४ मध्येच सापडला होता

आईला एचआयव्ही असेल तर तो बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून होऊ शकतो. काहीच उपाय केला नाही तर ही शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेवर औषधं सुरू करून ती नियमित घेतली, तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. इतका फरक पडत असूनही वाट लांबली, आणि त्याला फक्त औषधाची उणीव कारणीभूत नव्हती.

१९८२ च्या अखेरीस अमेरिकेत तान्ह्या मुलांमध्ये एड्ससारखा आजार नोंदला गेला. तेव्हा विषाणूही सापडला नव्हता. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत दिसलं, की झिडोव्हुडिनमुळे लागणीचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतं. पण ते औषध गरोदरपणात दिवसातून पाच वेळा घ्यायचं, कळा सुरू झाल्या की शिरेतून द्यायचं, आणि मग बाळाला सहा आठवडे पाजायचं. गरीब देशांना हे झेपणारं नव्हतं. १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने सोपी वाट दाखवली: कळा सुरू होताना आईला नेव्हिरपिनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांत बाळाला एक मात्रा.

गोळी एकावर आली, आणि खरी अडचण तेव्हा उघडी पडली. बायका तपासणीला येईनात. आल्या तरी रिपोर्ट न्यायला परत येईनात. तपासणी गरोदरपणात होत असल्यामुळे घरात पहिलं निदान बाईचंच व्हायचं, आणि आजार तिनेच आणला असं ठरायचं. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसायची.

दुधाचंच घ्या. जिथे सगळ्याच आया अंगावर पाजतात, तिथे पावडरीचा डबा दिसला की शेजारपाजारच्यांना संशय यायचा. म्हणून चारचौघांत बाळाला अंगावर घ्यायचं आणि कोणी नसताना बाटलीने पाजायचं. औषधांचं संरक्षण नसताना असं दोन्ही पाजणं नुसत्या अंगावरच्या दुधापेक्षा जास्त धोक्याचं असतं. लोक काय म्हणतील ही भीती अशी थेट बाळाच्या अंगात उतरत होती. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच वाटते.

ही भीती मोडायला सुरुवात केली ती स्वतः बाधित असलेल्या माणसांनी. दक्षिण आफ्रिकेत जन्मतःच एचआयव्ही असलेला न्कोसी जॉन्सन २००० साली डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत उभा राहिला आणि गरोदर मातांना औषध द्या, असं त्याने सरकारला सांगितलं. तो ११ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो गेला. तिथल्याच, औषधांच्या हक्कासाठी लढणाऱ्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनचे कार्यकर्ते 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेले टी-शर्ट घालून उघडपणे फिरत, वस्त्यांमध्ये औषधांची माहिती देत. त्यांच्याच दाव्यात २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला नेव्हिरपिनवरचे निर्बंध उठवायला लावले. २००१ मध्ये केप टाउनमध्ये 'मदर्स टू मदर्स' सुरू झालं. त्यात बाधित आयाच नव्या गरोदर बाईला धीर देतात, गोळी कधी घ्यायची, घरी कसं सांगायचं हे समजावतात. यातून गेलेल्या बाईचा शब्द वेगळाच पोचतो.

भारताच्या कार्यक्रमाने आपल्या नावात 'आईकडून'ऐवजी 'पालकांकडून' बाळाला होणारी लागण असं म्हटलं. शब्द साधा, पण त्याने दोषाचं ओझं एकट्या बाईच्या डोक्यावरून उतरवलं.

२०११ मध्ये मलावीने प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभर उपचार द्यायला सुरुवात केली, आणि मग ती पद्धत जगभर रुळली. २०१५ मध्ये क्युबाने ही लागण जवळपास संपवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेकडून तशी मान्यता मिळवणारा तो पहिला देश ठरला. तरी २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ लाख २० हजार मुलांना नव्याने लागण झाली. त्यांतल्या काहींच्या आयांचा गरोदरपणातला रिपोर्ट निगेटिव्ह होता. या आयांना लागण झाली ती नंतर, बाळ अंगावर पीत असताना. त्यामुळे पहिल्या रिपोर्टनंतर पुन्हा तपासणी, आणि तिच्यासोबत नवऱ्याचीही, हे आता घराघरांत सांगावं लागतं आहे.