ग्रॅन्युलोसा पेशी अर्बुद : प्रयोगशाळेतील तपासण्या

अंडाशयात वाढणाऱ्या अंड्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचे थर असतात. या पेशींपासून होणारी गाठ म्हणजे ग्रॅन्युलोसा पेशी अर्बुद. अंडाशयाच्या कर्करोगांत तिचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के आहे. प्रौढ प्रकार बहुतांशी रजोनिवृत्तीच्या आगेमागे आढळतो, बाल प्रकार मुलींत आणि तरुणींत. वृषणातही ही गाठ होते, पण फारच क्वचित. ती सावकाश वाढते, सहसा एकाच अंडाशयात असते आणि काढून टाकल्यावर २०-३० वर्षांनीही उलटू शकते.

गाठीतल्या पेशी मूळच्या पेशींप्रमाणेच संप्रेरके बनवत राहतात. रक्ततपासणी शक्य होते ती यामुळेच आणि फसते तीही यामुळेच, कारण तीच संप्रेरके निरोगी अंडाशयातूनही येत असतात.

पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा लहान मुलीत अकाली स्तनवाढ दिसली, की इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा मुख्य प्रकार) तपासतात. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ते वाढलेले नसते. ग्रॅन्युलोसा पेशी इस्ट्राडायॉल मुळापासून तयार करू शकत नाहीत. शेजारच्या थीका पेशींनी पुरवलेल्या अँड्रोजेनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकांचे, त्या रूपांतर करतात. गाठीत थीका पेशी पुरेशा नसतील तर कच्चा मालच कमी पडतो. म्हणून इस्ट्राडायॉल ‘नॉर्मल’ आले तरी गाठ नाही असे म्हणता येत नाही. अंडाशयात गाठ दिसली की सवयीने लिहून दिली जाणारी सीए-१२५ ही रक्तातील प्रथिनाची तपासणी इथे फारशी उपयोगी नाही.

जास्त भरवशाचे ते इनहिबिन, ग्रॅन्युलोसा पेशींचेच आणखी एक संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून स्रवणाऱ्या आणि अंडे वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाला आवर घालणे हे त्याचे नेहमीचे काम. या गाठीचा दर्शक म्हणून त्याचा उपयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार असून या गाठीत बी अधिक वेळा वाढलेले सापडते. त्यामुळे अहवालात नुसते ‘इनहिबिन’ लिहिलेले असेल तर नेमके काय मोजले हे विचारलेले बरे. कधी सुगावा उलट बाजूने लागतो. रजोनिवृत्तीनंतर एफएसएच भरपूर असायला हवे. ते विनाकारण दबलेले दिसले, तर कुठून तरी इनहिबिन किंवा इस्ट्रोजेन येत असल्याची शंका घ्यावी.

आकड्याचा अर्थ रुग्णाच्या स्थितीवर ठरतो. रजोनिवृत्तीनंतर किंवा दोन्ही अंडाशये काढल्यावर इनहिबिन जवळजवळ शून्यावर येते, तेव्हा थोडी वाढही दखल घेण्याजोगी असते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत चक्राच्या पूर्वार्धात बी वाढते, उत्तरार्धात ए. पाळीचा कितवा दिवस हे नमुन्यासोबत नोंदवले नसेल, तर त्या आकड्यावरून फारसे काही सांगता येत नाही. अंडाशयाच्या काही श्लेष्मल (चिकट द्रव बनवणाऱ्या) गाठींतही इनहिबिन वाढते.

ग्रॅन्युलोसा पेशींतूनच येणारे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, म्हणजे एएमएच, हाही या गाठीचा दर्शक; ते चक्रात त्या मानाने स्थिर राहते. पीसीओएसमध्ये (अंडाशयात अनेक लहान पुटिका असण्याच्या विकारात) मात्र ते मुळातच जास्त असते, आणि वयाबरोबर उतरत जाते. इनहिबिन बी आणि एएमएच दोन्ही एकत्र पाहिल्यास कोणत्याही एकापेक्षा कमी रुग्ण निसटतात.

यंत्राच्या बाजूनेही चुका होतात. दोन प्रतिपिंडांच्या मध्ये संप्रेरक पकडून ते मोजण्याच्या पद्धतीत प्रमाण अतोनात वाढले तर दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंना चिकटून बसतात, जोडी जुळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. गाठ मोठी आणि आकडा किरकोळ असे दिसले, तर नमुना पातळ करून पुन्हा मोजावा. केसा-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्राही काही किटमध्ये निकाल बिघडवतात.

अंतिम निदान ऊतीवरच होते. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट केंद्रके दिसतात आणि त्यांवर कॉफीच्या बीसारखी उभी खाच असते. पेशींच्या गोलाकार मांडणीच्या मधोमध गुलाबी द्रव साचलेला दिसला, तर त्या रचनेला कॉल-एक्सनर पिंड म्हणतात. एमा कॉल आणि सिग्मंड एक्सनर यांनी १८७५ मध्ये तिचे वर्णन केले ते सशाच्या अंडाशयात, गाठीत नव्हे. परीक्षेत हमखास विचारले जाणारे हे पिंड प्रत्यक्षात अनेक गाठींत सापडतच नाहीत. पेशी नुसत्या दाटीने पसरलेल्या असतील तर थीकोमा (थीका पेशींची गाठ), कार्सिनॉइड (संप्रेरके बनवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींची गाठ) किंवा अविभेदित (मूळ पेशी ओळखू न येणाऱ्या) कर्करोगाशी गल्लत होते. रेटिक्युलिन हे बारीक आधारतंतू दाखवणाऱ्या रंजनात या गाठीत तंतू पेशींच्या समूहाभोवती दिसतात. थीकोमात ते एकेका पेशीला वेढतात. प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिने रंगवून पाहिल्यास (प्रतिपिंड-रंजन) इनहिबिन-अल्फा, कॅलरेटिनिन आणि एसएफ-१ ही प्रथिने बहुधा सकारात्मक येतात, ईएमए हे प्रथिन नकारात्मक.

२००९ मध्ये व्हँकूव्हरच्या संशोधकांनी फॉक्सएल२ जनुकातला एक बदल दाखवून दिला. जनुकात ४०२ व्या जागी सायटोसीनऐवजी ग्वानीन येते आणि प्रथिनात १३४ व्या जागी सिस्टीनऐवजी ट्रिप्टोफॅन. त्यांनी पडताळलेल्या प्रौढ प्रकारच्या ८९ गाठींपैकी ८६ मध्ये हाच बदल होता. एकाच रोगाच्या इतक्या गाठींत नेमके तेच एक अक्षर बदललेले असणे ही कर्करोगात विरळा गोष्ट. बाल प्रकारात तो सहसा नसतो, काही थीकोमांत असतो. म्हणून काचपट्टी बाजूला ठेवून केवळ जनुकावर निदान करू नये. ही चाचणी पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या ऊतीवर होते, त्यामुळे जुन्या निदानांचीही फेरतपासणी करता येते.

पुढच्या देखरेखीसाठी शस्त्रक्रियेआधीचा रक्तनमुना मोलाचा, आणि नेमका तोच घ्यायचा राहून जातो. गाठ इनहिबिन किंवा एएमएच सोडत होती का, हे त्यावरूनच कळते. सोडत नसेल तर नंतरच्या कमी आकड्यांवर विसंबता येत नाही. सोडत असेल तर गाठ स्कॅनमध्ये दिसण्याच्या काही महिने आधीच आकडा चढू लागतो. किट बदलले की आकडेही बदलतात, म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने तपासणी करावी आणि पद्धत बदलल्यास जुना व नवा आकडा थेट ताडून पाहू नये. रक्तद्रवात तरंगणाऱ्या डीएनएमध्ये फॉक्सएल२चा बदल शोधण्याची पद्धत अभ्यासली जात आहे. संप्रेरके न सोडणाऱ्या गाठींसाठी तिचा उपयोग होऊ शकतो.