बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते मूळव्याधीचं. मग कुणी सुरणाची भाजी सुचवतं, कुणी मलम, तर कुणी ओळखीतला वैद्य. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हेही खरं. पण रक्ताबरोबर आव पडत असेल, दिवसातून सहा-आठ वेळा घाईघाईने जावं लागत असेल, रात्री त्यासाठी झोपमोड होत असेल, वजन उतरत असेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्यायलाच हवं. अशा तपासणीत काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघतो, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला आलेली चिवट सूज. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार खोलवर जातो.

हे आजार गोऱ्या लोकांचे, असा समज बरीच वर्षं होता. लुधियानाच्या डॉक्टरांनी १९९९ साली पंजाबात घरोघरी फिरून पन्नास हजारांवर माणसं तपासली, तेव्हा लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. आजार इथेही होता, तो शोधला जात नव्हता.

कारण एकच एक सांगता येत नाही. काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी आतड्यातले जिवाणू आणि राहणीमान, आणि या सगळ्यातून बिथरलेली, आपल्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती. ठेचा खाल्ल्यामुळे हा आजार झालेला नसतो. रुग्णाला आणि त्याच्या आईला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण दोघंही मनातून स्वतःलाच दोष देत बसतात.

कोलायटिसच्या सर्वांत जुन्या औषधाची कथा सांगण्यासारखी आहे. स्वीडनच्या डॉ. नन्ना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी सल्फासालाझिन हे औषध पुढे आणलं. संधिवात जिवाणूंमुळे होतो असं तेव्हा त्यांना वाटे, म्हणून जिवाणू मारायला सल्फा आणि सूज उतरवायला सॅलिसिलेट, असं दोन्ही एका रेणूत जोडलेलं. ते कोलायटिसच्या रुग्णांना लागू पडलं. पण दोन भागांपैकी काम कोणता करतो? याचं उत्तर १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये मिळालं. मूळचे बांगलादेशचे डॉ. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाग वेगवेगळे करून एनिमातून रुग्णांना दिले. सल्फाचा उपयोग फारच कमी निघाला, काम सॅलिसिलेटचा भाग करत होता. सल्फा बिचारा नुसता हमाल. तो औषध मोठ्या आतड्यापर्यंत वाहून नेई, आणि तिथले जिवाणू जोड तोडून ते मोकळं करत. हाच कामाचा भाग आज मेसालामाइन म्हणून मिळतो.

हे औषध मुख्यतः रक्तातून नाही, तर अस्तराला आतल्या बाजूने लागून काम करतं. म्हणून गोळीवर असं आवरण असतं की ती जठरात न विरघळता पुढे जावी. ती कुटून किंवा चावून घेतली की हा सगळा खटाटोप वाया जातो. आणि म्हणूनच सूज गुदाशयात किंवा डाव्या बाजूला असेल तर डॉक्टर एनिमा लिहून देतात. रुग्ण लाजेपोटी तो आणतच नाहीत, किंवा आणून फ्रिजवर ठेवून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गोळी आणि एनिमा मिळून जो गुण येतो तो नुसत्या गोळीने येत नाही. रात्री शौचाला जाऊन यायचं, डाव्या कुशीवर पडायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, बाटली चांगली हलवून टोकाला थोडं व्हॅसलिन लावायचं आणि सावकाश दाबायची. आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्याने त्या कुशीवर औषध आपोआप वर पसरतं. मग तसंच अर्धा तास पडून राहायचं, झोप लागली तर उत्तमच.

खरी परीक्षा पुढे आहे. दोन-तीन महिन्यांत रक्त थांबतं, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सुटतात. यात आळस नसतो. आपल्याला औषध म्हणजे ताप उतरेपर्यंतचा कोर्स हेच ठाऊक असतं. इथे मात्र लक्षणं थांबली तरी सूज खाली धुमसत असते. अमेरिकेत आजार शांत असलेल्या ९९ रुग्णांचा पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष छापले गेले. मेसालामाइन नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा आजार सुमारे दोन वर्षांनीही शांत होता, तर टाळाटाळ करणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के. गोळी बरं वाटावं म्हणून नाही, बरं राहावं म्हणून असते.

स्टेरॉइडचं याच्या उलट. १९५५ साली ब्रिटनमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर चाचणी घेतली. कॉर्टिझोन या स्टेरॉइडने ४१ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला, नुसत्या दिखाऊ गोळीने १६ टक्के. ज्या काळात तीव्र कोलायटिसने माणसं दगावत, तेव्हाचा हा मोठा दिलासा होता. पण उसळलेली सूज झटकन उतरवणं एवढंच स्टेरॉइडचं काम. आजार शांत ठेवायला त्याचा उपयोग नाही. काही आठवड्यांत हळूहळू कमी करत ते बंद व्हायला हवं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणारे लोक आपल्याकडे आहेत. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो, आणि अचानक बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. वर्षातून दोनदा स्टेरॉइड लागलं तर कायमचं औषध बदलण्याची वेळ आली, असं समजावं.

सूज खरोखर उतरली का, हे मळाच्या तपासणीतूनही कळतं. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन सूज असेल तर मळात उतरतं. दर वेळी दुर्बीण घालावी लागत नाही.

क्रोन्सच्या बाबतीत आपल्या देशात एक वेगळाच पेच आहे, तो आतड्याच्या टीबीचा. जागा तीच, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली. पोटदुखी, ताप, वजन घटणं, सगळं सारखं. बायोप्सीतही फरक दर वेळी कळत नाही. म्हणून अनेकदा आधी टीबीची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले असतील तर टीबी, नसतील तर क्रोन्स. ही दुसरी दुर्बीण चुकवू नये. टीबीच्या औषधांनी क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ बरं वाटू शकतं आणि त्यात मोलाचे महिने जातात.

साध्या औषधांनी भागत नसेल तर इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधं आहेत. अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी त्याला परवानगी मिळाली. सुरुवातीच्या तीन सलाईननंतर दर आठ आठवड्यांनी एक. ते टीएनएफ नावाच्या सूज वाढवणाऱ्या रेणूला धरून ठेवतं. पण हाच टीएनएफ शरीरात निपचित पडलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवतो. म्हणून हे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि छुप्या टीबीची तपासणी करतातच. भारतीय कंपन्यांनी तयार केलेल्या प्रतिरूप औषधांमुळे किंमत उतरली आहे, तरी मध्यमवर्गीय घराला ती जड जाते.

खाण्याबद्दल सल्ले फुकट आणि भरपूर मिळतात. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, असं हलकं अन्न ठीक. आजार शांत झाल्यावर भाकरी-भाजीवर परत यावं. वर्षभर पेज पिऊन अशक्तपणा येतो, आतडं काही भरून येत नाही. क्रोन्समुळे आतडं अरुंद झालं असेल तर मात्र शेवग्याच्या शेंगा, फणस, भाज्यांचे दोरेदार देठ टाळावेत. हळदीबद्दल हमखास विचारलं जातं. २०१५ सालच्या एका छोट्या चाचणीत मेसालामाइनच्या जोडीला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, दिल्यावर चांगला गुण आला. पण तेवढं कर्क्युमिन मिळवायला साधारण १०० ग्रॅम हळद लागेल, आणि ते दिलं होतं गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आजार उसळू शकतो, ही गोष्ट डोकेदुखीच्या वेळीही लक्षात ठेवावी.

कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच पसरलेला असेल, तर सुरुवातीपासून आठ वर्षांनी कर्करोगाच्या दृष्टीने दुर्बीण घालून बघायला सुरुवात करतात, अगदी काही त्रास नसला तरी.

हे आजार बहुधा ऐन तारुण्यात येतात, म्हणून लग्नाचा आणि मुलाबाळांचा प्रश्न येतोच. आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात. पण बातमी कळताच घरचे काळजीपोटी सगळी औषधं थांबवतात. तेव्हा आजार उसळला तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. मेसालामाइन आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं अझाथायोप्रिन सहसा चालू ठेवतात. त्याच कामाचं मेथोट्रेक्सेट मात्र गर्भधारणेच्या बऱ्याच आधी बंद करावं लागतं. पुरुषांनीही सांगावं: सल्फासालाझिनमुळे शुक्रजंतू कमी होतात, पण औषध बदललं की साधारण दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. मूल होत नाही म्हणून तपासण्यांवर खर्च करण्याआधी आपण कुठली गोळी घेतो, ते डॉक्टरांच्या कानावर घालावं.