व्यूहात्मक नियोजन

संस्थेचे दीर्घ मुदतीचे प्रयोजन, ते साधणारी उद्दिष्टे आणि त्यांसाठी लागणारा पैसा, माणसे व वेळ यांची वाटणी ठरविण्याच्या प्रक्रियेला व्यूहात्मक नियोजन म्हणतात. अंदाजपत्रक चालू कामाचा खर्च बसविते. येथे मात्र कोणते काम हाती घ्यावे व कोणते सोडावे, हा संस्थेच्या प्रमुखाचा निर्णय आधी येतो.

फ्रेंच खाण-अभियंता आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये नियोजनाला व्यवस्थापनाच्या कार्यांत पहिले स्थान दिले. उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली, तर व्यूहनीती (दीर्घ मुदतीचे धोरण) व संस्थेची रचना यांचा संबंध उद्योगांचे इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये दाखविला. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांच्या विश्लेषणाच्या (स्वॉट) जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ते बहुधा आल्बर्ट हंफ्री यांच्या नावावर दाखविले जाते; काही अभ्यासक त्याचे मूळ हार्वर्ड येथील व्यवसायनीतीच्या अध्यापनात शोधतात. साठच्या दशकात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील अनेकांच्या हातून ते घडले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उद्दिष्ट कसे असावे, याचे ‘स्मार्ट’ (इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले नाव) निकष जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये दिले. उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे, वास्तव आणि मुदतबद्ध असावे, तसेच ते कोण पार पाडणार हे ठरलेले असावे, अशी त्यांची मूळ मांडणी होती. प्रचलित आवृत्तीत जबाबदार व्यक्तीच्या या निकषाची जागा ‘साध्य होण्याजोगे’ या निकषाने घेतली आणि प्रमुखाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी अट मागे पडली. नेमक्या व अवघड उद्दिष्टांनी काम सुधारते, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी प्रयोगांनी दाखविले. मात्र ज्याने ते पार पाडायचे त्याने उद्दिष्ट मनापासून स्वीकारलेले असावे लागते. औपचारिक योजनेवरील अतिविश्वासावर व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९९४ मध्ये टीका केली.

ही परिभाषा रूढ होण्यापूर्वीच्या कारभाराला ती लावताना सावधगिरी हवी. तरीही तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानातील काही उपक्रमांत हीच पद्धत ओळखू येते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये प्रथम अमरेली तालुक्यात झाला आणि संपूर्ण संस्थानासाठी कायदा १९०६ मध्ये आला. मर्यादित क्षेत्रात अनुभव घेऊन विस्तार करण्याचा हा क्रम पुष्कळ कंपन्यांच्या योजनांतही सापडत नाही. ग्रंथालय योजनेसाठी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणण्यात आले. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी ठरावीक रक्कम जमविली की तेवढीच सरकार आणि तेवढीच प्रांत (जिल्हा) पंचायत घाली, म्हणजे वाटा कोणाचा किती हे आधीच ठरलेले असे. डोरन यांचा निसटलेला निकष तो हाच. हा सारा व्यूह एका आराखड्यात बांधलेला होता, असे मात्र म्हणता येत नाही. हुकूम, कायदे आणि खात्यांच्या अहवालांतून तो जुळवावा लागतो.

सयाजीरावांच्या अखेरच्या काळातील दिवाण व्ही. टी. कृष्णमाचारी यांनी ग्रामसुधारणेचे केंद्र कोसंबा येथे उघडले. पुढे ते भारताच्या योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले.