ग्रामपंचायतीची नळयोजना

ग्रामपंचायत गावासाठी पिण्याच्या पाण्याची जी व्यवस्था चालवते, ती नळयोजना. सरकारी कागदावर तिला 'नळ पाणीपुरवठा योजना' म्हणतात. गावात मात्र 'आज नळ आले का?' एवढ्या प्रश्नात ती सगळी मावते. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. गटारे, अंतर्गत रस्ते, दिवाबत्ती, स्मशानभूमी, जन्ममृत्यूच्या नोंदी अशी गावकीची पुष्कळ कामे त्यांच्याकडे असतात. तरी कारभार बरा की वाईट, हे गाव ठरवते ते नळाच्या पाण्यावरून. रस्त्यातला खड्डा माणूस वर्षभर सोसतो, पण तीन दिवस नळ आले नाहीत तर बायका घागरी घेऊन थेट ग्रामपंचायतीच्या दारात येतात, आणि त्यांचे अजिबात चुकत नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४५ नुसार पाणीपुरवठा ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांत मोडतो. १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जे २९ विषय नेमून दिले, त्यांतही पिण्याचे पाणी आहे. योजना बांधण्याचे काम बहुधा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाच्या देखरेखीखाली होते. अनेक गावांना मिळून असलेल्या प्रादेशिक योजना जिल्हा परिषद किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण सांभाळते. एका गावाची योजना मात्र बांधून झाली की गावाच्या ताब्यात येते. त्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतात. खरे काम दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होते.

योजनेची रचना साधी आहे. पाणी जिथून घेतात त्याला उद्भव म्हणतात: नदीकाठची विहीर, विंधनविहीर (बोअर) किंवा तलाव. तिथल्या पंपाने ऊर्ध्ववाहिनीतून पाणी गावातल्या उंच टाकीत चढते आणि टाकीतून आपल्या भाराने वितरणाच्या नळांत उतरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पंपाशिवायच खाली आणणाऱ्या गुरुत्व नळयोजना आहेत. त्यांना विजेचा खर्च नाही, म्हणून त्या चालवणे तुलनेने सोपे.

सगळ्या गावाला एकदम पाणी सोडले तर खालच्या आळीत धो धो येते आणि वरच्या आळीत नळ नुसता हवा सोडतो. म्हणून आळीवार वेळा ठरलेल्या असतात. ज्याच्या हातात त्या वेळा असतात त्या माणसाला कागदोपत्री पाणीपुरवठा कर्मचारी म्हणतात, गावात पाणीवाला किंवा पाणी सोडणारा. खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी टाकून तो अंधारात निघतो, चेंबरवरची फरशी सरकवतो, आत टॉर्च मारतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो. किती आटे फिरवले की मारुतीच्या देवळापर्यंत दाब पोचतो, कोणता व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडतो, कुठली जुनी लाईन कोणाच्या गोठ्याखालून गेली आहे, हे त्याच्या डोक्यात असते, कारण अनेक गावांत पाइपलाइनचा खरा नकाशा दुसरीकडे कुठेच नसतो. तो आजारी पडला की गावाला त्याची किंमत कळते. त्याच्या पगाराचा प्रश्न मासिक सभेत शेवटी का येतो, हे मला कधीच पटलेले नाही.

पाणी सोडण्याआधी ते शुद्ध करणे हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत सहज टाळला जाणारा भाग आहे. बहुतेक गावांत त्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात. सगळे तिला टीसीएल म्हणतात. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते आणि हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम हे नेहमीचे माप आहे. म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर कोरडीच टाकीत फेकायची नसते. बादलीत कालवायची, ढवळायची, चुनकळी तळाशी बसू द्यायची आणि वरची निवळ टाकीत ओतायची. मग निदान अर्धा तास थांबायचे. त्यानंतर ओटी चाचणी: टाकीपासून सर्वांत लांबच्या घरातले पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचले. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. रंग आलाच नाही, तर पावडर कमी पडली, किंवा पोते ओलीत राहून तिचा दम गेला, किंवा वाटेत कुठे गटाराचे पाणी नळात शिरते आहे. गॅस्ट्रोची साथ बहुतेक वेळा या तिसऱ्या कारणातून येते, आणि पहिल्या पावसात येते. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. लाल म्हणजे तीव्र जोखीम.

पैशाचे गणित असे: वीजबिल, पावडर, दुरुस्ती आणि पाणीवाल्याचा पगार हा खर्च पाणीपट्टीतून निघावा, अशी अपेक्षा असते. पाणीपट्टी बसवण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १२४ ने दिला आहे. पण ती वाढवणे हे सरपंचाच्या दृष्टीने मते घालवण्याचे काम, आणि वसूल करणे तर भाऊबंदकीत वैर घेण्याचे. मग बिल थकते, पंपाची जोडणी तुटते, आणि धडधाकट योजना विजेवाचून उभी राहते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा ग्रामपंचायतीने यावर वेगळी वाट काढली: कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत. पैसे भरले की रोजच्या भाकरीत काही परत मिळते, हे माणसाला लगेच दिसते.

वसुलीइतकाच अवघड प्रश्न टिल्लू मोटरीचा. नळालाच छोटी मोटर जोडून पाणी ओढणाऱ्या घरामुळे पुढची दहा घरे कोरडी राहतात. शिवाय ओढीमुळे फुटक्या सांध्यातून घाण आत खेचली जाते, ती वेगळीच. ग्रामसभेत ठराव होतात, मोटरी जप्त करण्याची ताकीद निघते. जिथे मीटर बसले आणि पुरेशा दाबाने पाणी येऊ लागले, तिथे मोटर लावण्याचे कारणच उरत नाही.

सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे तत्त्व महाराष्ट्रात भांडून मिळवावे लागले आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर खुले झालेले ते पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जावे लागले. गावातला नळ या इतिहासाच्या पुढचा टप्पा आहे. म्हणून कोणत्या वस्तीला किती मिनिटे पाणी मिळते आणि वितरण वाहिनीच्या अगदी शेवटाला कोणाची घरे येतात, हे केवळ तांत्रिक प्रश्न मानून चालत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात विंधनविहिरी आणि हातपंप झपाट्याने वाढले. पुढे देशभर पसरलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाची पूर्वपीठिका जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या पंपांत आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. नळ घराघरांत पोचले तरी उद्भव तोच राहतो. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे आणि त्यात पाणी थोडेच मुरते. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायला १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली. तरी उसाच्या आणि फळबागांच्या भागात असे बोअर सर्रास पडले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर घेण्यावरच बंदी घातली आणि पावसानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली. तिथल्या नळांचे पाणी टिकते ते शिवारातल्या या शिस्तीमुळे.

जिथे अशी शिस्त नाही, तिथे एप्रिलपर्यंत उद्भव खाली जातो. टंचाई आराखड्यात गावाचे नाव लागते, एखाद्या शेतकऱ्याची विहीर अधिग्रहित होते, आणि तीही आटली तर टँकर सुरू होतो. टँकरचे पाणी गावातल्या जुन्या विहिरीत किंवा टाकीत ओततात, आणि टीसीएलची बादली घेऊन पाणीवाला तिथेही जातो.