फ्रॅटर्निटीतलं हेझिंग
अमेरिकन कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीत नव्या पोराला घ्यायच्या आधी त्याच्याकडून जे काय काय करून घेतात, म्हणजे दारू ढोसायला लावणं, रात्रभर जागवणं, मारणं, अपमान करणं, ते सगळं हेझिंग. फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं लावणारे मुलांचे क्लब. बऱ्याच क्लबांचं स्वतःचं घर असतं, मेंबर एकमेकांना ब्रदर म्हणतात आणि जो अजून पक्का झालेला नाही तो प्लेज. आपल्याकडच्या रॅगिंगसारखंच वाटतं, पण रॅगिंग हॉस्टेलवर आलेल्या कुणाच्याही वाट्याला येतं, इथे मुलगा स्वतःहून दारात उभा असतो आणि त्याला आत यायचंच असतं म्हणून तो नाही म्हणत नाही. प्रकार जुनाच आहे, १८७३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा एक विद्यार्थी असल्याच कार्यक्रमात रात्री दरीत पडून मेला होता.

सगळ्यात गाजलेली केस पेन स्टेटची, म्हणजे पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीची. २ फेब्रुवारी २०१७, बीटा थीटा पाय, कागदोपत्री दारूबंदी असलेलं घर. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार १९ वर्षांच्या एका प्लेजला ८२ मिनिटांत किमान १८ ड्रिंक्स पाजली गेली. मग तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला, कवटी फ्रॅक्चर, प्लीहा फुटलेली. पोरांनी त्याला उचलून सोफ्यावर टाकलं, उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून पाठीवर भरलेली सॅक बांधली, एकजण म्हणालाही की मदत बोलवा, तर त्यालाच ढकलून गप्प केलं. अँब्युलन्सला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमारास, म्हणजे जवळपास १२ तासांनी! ४ तारखेला तो गेला. हे सगळं घरातल्याच कॅमेऱ्यांत होतं, तळघरातलं फुटेज डिलीट केलेलं ते एफबीआयने परत मिळवलं.

खरा घात करतं ते 'झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल'. पोटातली दारू माणूस बेशुद्ध पडल्यावरही रक्तात उतरतच राहते, त्यामुळे गाढ झोपलेला दिसणारा पोरगा तासाभराने आणखी वाईट अवस्थेत असू शकतो, आणि डोक्याला मार लागला असेल तर तो मार नशेत झाकला जातो, कळत नाही.

आणि दारूच पाहिजे असंही नाही. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात चिको स्टेटच्या एका विद्यार्थ्याला थंडगार तळघरात पंखे लावून, व्यायाम करायला लावत नुसतं पाणी पाजत राहिले, रक्तातलं सोडियम घसरलं, मेंदूला सूज आली आणि तो मेला. तिथेही त्याला फिट आल्यावर लगेच अँब्युलन्स बोलवली नाही.

शिक्षा बहुतेक वेळा किरकोळच होतात. पेन स्टेटमध्ये सुरुवातीला १८ मेंबरांवर आरोप ठेवले, पण गंभीर कलमं पुढे टिकली नाहीत. कायदे मात्र बदलले. पेनसिल्व्हेनियाच्या २०१८ च्या कायद्यात (त्या मुलाच्याच नावाने ओळखतात) गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर मोठा गुन्हा लागतो, 'त्यानेच हो म्हटलं होतं' हा बचाव चालत नाही, आणि मदतीला फोन करून थांबणाऱ्याला संरक्षण आहे. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, २ वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेत देशपातळीवरचा हेझिंगचा कायदा यायला डिसेंबर २०२४ उजाडलं, त्यातही मुख्य सक्ती एवढीच की कॉलेजांनी असल्या घटनांचे आकडे आणि कुठल्या संघटनेने काय केलं ते जाहीर करायचं.